तालातलं ‘माफ करा’

तीर्थस्वरूप आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे ठीक. मीही ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तपासून पाहिलं तर ते पूर्ण खरं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या ग्रूव्हबॉक्स या वाद्याबद्दल (तुझ्या भाषेत ‘बटणांचा डबा’) तू फोनवर म्हणालीस, “बटणं तर कुणीही दाबतं. डबा आपोआप वाजतो, मग तू उभा कशाला?” मला राग आला. मग त्या रागावर विचार केला, तर तुझंच बरोबर असेल अशी शंका आली. म्हणून वाचनालयाच्या सभागृहात वाजवताना घरून काहीही भरून न्यायचं नाही असं ठरवलं. डबा रिकामा. लोकांसमोर एकेक थर वाजवून चढवायचा, आधी ढोल, मग खर्जातला सूर, मग वरचे. डबा ते रेकॉर्ड करून पुन्हापुन्हा फिरवत ठेवतो. कुणाला गप्प करायचं आणि कुणाला कधी परत आणायचं, हे मात्र हातानं ठरवावं लागतं.

सुरुवात बरी झाली. मग एक सूर चुकला. (तो फक्त मला कळला असणार, पण मला कळला ना!) सवयीनं तोंडून निघालं, “माफ करा.” समोर माईक, आणि रेकॉर्डिंगचं बटण मी चालूच ठेवलेलं. डबा प्रामाणिक. दर फेरीला तो चुकलेला सूर आणि पाठोपाठ “माफ करा”, अगदी तालात. ते बंद करायच्या घाईत ढोल बंद झाला, मग खर्जही गेला, आणि सभागृहात माझी माफी एकटीच फिरत राहिली. पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ढोलाच्या जागी टाळ्या द्यायला लागलं, मग सगळेच. मी बटणावर बोट ठेवून थांबलो, आणि सम आली तसा ढोल सोडला. लोक खुर्च्यांवरून उठले. आत्या, ती जागा डब्यानं निवडली नव्हती.

(नंतर ग्रंथपालबाई म्हणाल्या, “मशीन छान आहे हो तुमचं!”)

शनिवारी पुन्हा वाजवतोय. “या वेळी तयार गाणी भरून आणा, म्हणजे गोंधळ नको,” असं त्यांनी सुचवलं. मी नाही म्हणालो. पुन्हा रिकाम्या डब्यापासूनच. तू पहिल्या रांगेत हवीस. न्यायला मी येईन.

तुझा भाचा

ता. क. येताना तुझं इस्त्रीचं टेबलही उचलू. वाचनालयाचं टेबल बुटकं आहे, कंबर धरते.

आणखी ता. क. खरं काम हे. लोक “माफ करा” पुन्हा मागताहेत, पण आता मी माफी मागणार नाही. त्या जागी तुझ्या आवाजात “बटणं तर कुणीही दाबतं” हवंय. न विचारता घेणं मला पटत नाही, तेव्हा फोन करून हो की नाही ते सांग. (डबा फोनला जोडलेला असेल, हे आधी कळवणं माझं कर्तव्य आहे. “अजिबात नाही” तालात जास्त चांगलं बसतं, मी म्हणून पाहिलंय.)