तुमच्या पांढऱ्या प्रवाळावर

अण्णा,

तुमचं पांढरं प्रवाळ मी पाण्यात टाकलंय. हो, तेच, कुणी रामेश्वरहून आणून दिलेलं, ज्याला आईने फडकंसुद्धा लावलेलं तुम्हाला चालायचं नाही. दिलसुखनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्या तळाशी ते बसवलं आणि त्याला टेकून जिवंत प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा ठेवला. दुकानदार बजावत होता, "इसकू अलग रखो मॅडम, नई तो सब पे चढ जाता." मला तेच हवं होतं.

आता माझ्याकडून शिका. या जिवंत तुकड्याचा खालचा थर जांभळा, चामड्यासारखा चिवट. तो दगडाला धरून सरकत जातो आणि त्यातून इवल्या जिवांचे हिरवे तारे उघडतात. निळ्या दिव्याखाली तो हिरवा रंग नुसता पेटतो. बोट लावलं की सगळे तारे आत, फक्त जांभळं उरतं. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर. वर्षभरात त्याने तुमचं प्रवाळ बुडापासून गिळत आणलंय. ऑफिसातून आले की मी खुर्ची ओढून बघत बसते. मजा येते, अण्णा.

इंटरचं वर्ष आठवतं? नारायणगुड्याच्या कॉलेजात तुम्ही प्राणिशास्त्र शिकवायचा आणि मी तुमच्याच वर्गात. टेबलावर हेच प्रवाळ. मासिकात पाहिलेले रंग मी प्रॅक्टिकलच्या रेकॉर्ड वहीत भरलेले, हिरवा आणि जांभळा. तुम्ही सगळ्या वर्गासमोर वही उंच धरता. "हे काय, सिनेमाचं पोस्टर आहे? रेकॉर्डमध्ये फक्त पेन्सिल. टेबलावर दिसतं तेच काढायचं. प्रवाळ पांढरं असतं." मी म्हणते, "अण्णा, जिवंत असताना नसतं." "इथे सर म्हणायचं," म्हणत तुम्ही पान फाडता. त्याच संध्याकाळी आईला सांगितलंत, "हिला कॉमर्सला घाला. सायन्स नक्को हिला." माझी सगळी वर्षं आबिड्सच्या ऑफिसात फायली लावण्यात गेली. जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस मला समुद्रातले रंग शिकवत होता!

तुमचं शेवटचं आजारपण मीच काढलं. तेव्हाही 'चुकलं' म्हणाला नाहीत. म्हणून हा सूड. याहून मोठा मला जमला नाही.

हे पत्र कुठे टाकणार, टाकीखालच्या खणात पडून राहील. पण एक कबूल करते. तुमच्या प्रवाळाचं वरचं टोक अजून पांढरं आहे. जांभळं तिथवर पोचलं की दर रविवारी मी ते ब्लेडने खरवडून काढते. सगळंच झाकलं गेलं, तर खाली तुम्ही आहात हे मलासुद्धा दिसणार नाही.