त्या नव्याण्णव मेंढरांचं काय?

बाबा,

आणि त्या नव्याण्णव मेंढरांचं काय, ते तुमी शेवटपर्यंत सांगितलंच नाही! विचारलं की गालातल्या गालात हसायचं, पिशवी खांद्याला अडकवायची अन् चालायला लागायचं. अशी कुठं तक्रार मिटत असती का? तुमी मातीआड गेलात म्हणून आपलं भांडण खलास झालं, असं समजू नका. मी इथं हिमाचलाच्या डोंगरात बोगद्याच्या कामावर अजून तुमच्याशीच भांडायलोय. घमेलं उचलताना भांडतो, भाकरी खाताना भांडतो.

पण आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. परवा मला उत्तर सापडलं! अर्धं तुमचं, अर्धं माझं. बोंब मारून सांगावं वाटलं, पण इथं आपली बोली कळणारा एक माणूस नाही. म्हणून कागद घेतला. आपल्या मार्थाला कळवलंय, की मायीला सोबत घे, बाबांच्या मातीपाशी बस आणि सगळं मोठ्यानं वाच. अक्षर वाकडं आहे. चौथीत शाळा सोडलेल्या पोराकडून आणखी काय पाहिजे तुमाला?

लिंबाजी आबाच्या तळावरची ती संध्याकाळ आठवते का? आबा धनगर दरसाली राणीसावरगावकडून यायचा. ज्वारी निघाली की लोक खतासाठी त्याचा कळप आपल्या वावरात बसवून घ्यायचे. मी त्या साली आबाकडं मेंढरं राखायला होतो. वाघूर लावलेली होती, म्हणजे ती दोरीची जाळी, तिच्यात मेंढरं अन् बाहेर चूल. गावोगाव उपदेश करत फिरणारे तुमी आलात, दगडावर बसलात, शास्त्र, म्हणजे आपलं बायबल, मांडीवर घेतलं आणि न उघडताच सुरू केलं. देव कसा आहे? देव धनगरासारखा आहे! आबानं मान डोलावली. एका धनगराची शंभर मेंढरं होती, त्यातलं एक हरवलं. आबानं च् च् केलं. मग तो धनगर नव्याण्णव मेंढरं रानात सोडून त्या एकाच्या मागं गेला.

तिथं आबाची मान थांबली.

"रानात सोडून?"

"व्हय आबा."

"उघड्यावर?"

"व्हय."

"मास्तर, राग धरू नका. पर असला धनगर आमच्यात निघाला तर दुसऱ्या दिशी त्याच्या हातची काठी काढून घिऊ, अन् त्याला कोंबड्या राखायला बसवू!"

सगळा तळ हसला. आबाची म्हातारी चुलीपासून ओरडली, "लांडग्याला आवतन द्यायचं, अन् वर म्हनायचं मी एक वाचिवलं!" तिला तर हसून ठसका लागला. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी! वर म्हणालो, "बाबा, तुमच्या देवाला मेंढरं राखता येत न्हाईत."

दुसरा कुणी प्रचारक असता तर चिडला असता. तुमी म्हातारीनं दिलेली भाकरी खाल्ली, हात धुतले आणि उठता उठता म्हणालात, "आबा, तुमचा सवाल खरा हाय. मला जवाब येत न्हाई. पर ते एक मेंढरू माझ्या डोळ्यापुढून हालत न्हाई, त्याला मी काय करू?"

आबा हसायचा थांबला होता. मी नाही.

कारण माझा सवाल मेंढरांचा नव्हताच, बाबा. कधीच नव्हता. तुमाला कळलं होतं का ते?

मला हिवताप आला होता, आठवतं? अंगावर दोन गोधड्या टाकून दात वाजत होते. आणि सांगावा आला, की पालमच्या एस्टी स्टँडवर एक दारुडा पडलाय, घरच्यांनी हाकलून दिलाय. तुमी माझ्या कपाळाला हात लावला, प्रार्थना केली आणि चप्पल घातली. पोटचं पोर तापात टाकून एका दारुड्यामागं! मी गोधडीतून विचारलं, "माय, बाबा कुठं चालले?" माय कपाळावरची पट्टी बदलत म्हणाली, "तुझ्याजवळ मी हाय. त्याच्याजवळ कोन हाय?"

तेव्हा ते मला पटलं नाही. आमी तुमचे घरचे नव्याण्णव. आमी हरवत नव्हतो हाच आमचा गुन्हा! मार्थाला दाखवायला पाहुणे आले तेव्हा तुमी तिसऱ्याच गावात कुणाचा भावकीतला तंटा मिटवत होतात. दुष्काळात आपण खडी फोडायला जात होतो, तेव्हा आपल्यातली अर्धी भाकरी तुमी परक्याला दिली ते मी बघितलं होतं. त्याच कामावरून मी मुकादमाबरोबर मुलूख सोडला. निघताना दारात तुमाला काय म्हणालो ते तुमी विसरला नसाल. "मी बी हरवलो असतो तर बरं झालं असतं. निदान शोधायला तरी आला असता!"

तुमी काही बोलला नाहीत. नुसते दारात उभे. बोलायचं होतं ना काहीतरी!

मग तुमी गेल्याचं पत्र आलं, तेही महिन्यानं, रस्ता बर्फानं बंद होता म्हणून. मार्थानं लिहिलं होतं, पहिला खांदा त्या पालमच्या माणसानं दिला. आता तो पीत नाही, सुताराकडं फळ्या रंधायच्या कामावर आहे आणि तुमाला मातीत ठेवायची पेटीही त्यानंच रंधली. ते वाचून मला किती राग आला म्हणून सांगू! माझ्या बापाला खांदा त्यानं द्यायचा?

आता परवाची गोष्ट ऐका.

आमच्या टोळीत बन्सी नावाचा एक जण आहे. बिलासपूरकडचा. असा भांडखोर माणूस तुमी बघितला नसेल. पाण्याच्या रांगेत घुसतो, दुसऱ्याचं कांबळं पांघरतो, वर शिव्या देतो. परवा सकाळीच त्याचं स्वयंपाक्याशी वाजलं. बोगद्याच्या तोंडाशी नव्या रस्त्याचं काम चाललंय, एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी. दुपार कलली अन् दरीतून धुकं वर चढलं. असं धुकं, की आपलाच पंजा दिसेना. मी टोळीचा मेट, माणसं मोजून घ्यायचं माझं काम. मोजली. एक कमी. बन्सी.

साहेब म्हणाला, "पळाला असेल. हजेरी काट."

स्वयंपाक्या म्हणाला, "ब्याद गेली."

खरं सांगू? मलाही तसंच वाटलं. पण बाबा, काय केलंत हे तुमी! ते एक मेंढरू आणून माझ्या डोळ्यापुढं उभं केलंत, आणि ते काही केल्या हालेना! मी आयुष्यभर ज्याला हसलो तेच माझ्या पायात आलं.

पण तुमच्यासारखं नाही केलं मी. मी लिंबाजी आबाच्या हाताखाली तयार झालेला माणूस. नव्याण्णव उघड्यावर सोडणार नाही. ओझं ओढायचा जाड दोर होता. तो डोंगराच्या बाजूनं दोन पहारींना बांधला आणि सगळ्या टोळीला म्हणालो, दोर धरा, कुणी सोडायचा नाही, कुणी हलायचं नाही. आमच्यातले सगळ्यात वडील रहमतचाचा. त्यांच्या जिम्म्यावर टोळी दिली. रिकामा डबा हातात दिला आणि म्हणालो, चाचा, हा वाजवत राहा, म्हणजे मला परत यायची वाट कळंल. कळलं का तुमाला, काय केलं ते? वाघूर लावली मी, वाघूर!

सगळ्यांनी हाका मारल्या. "बन्सीऽऽ! ओ बन्सीऽऽ!" डोंगर तेवढा परत बोलला. साहेब म्हणाला, "असता तर ओ दिली असती. दरीत गेला."

तिथं मला आबा आठवला. तो म्हणायचा, "हरवलेलं मेंढरू वरडत न्हाई रे शमू. ते भ्यालेलं असतं. गप बसून ऱ्हातं. त्याला आवाज दिऊन भागत न्हाई, पार जवळ जावं लागतं." म्हणून मी गेलो. बसून, सरकत, हातानं चाचपत. एकेक दगड, एकेक कपार. मागं डबा वाजत होता, त्याच्या आवाजावर मी वाट धरून होतो.

आणि सापडला! एका कपारीत गुडघे छातीशी घेऊन बसलेला. घोटा मोडलेला. बाबा, मी त्याच्या अंगावर हात ठेवला तेव्हा तो लहान लेकरासारखा थरथरला. मला राग आला. "अरे, एवढ्या हाका मारल्या, ओ का दिली नाहीस?"

तो त्याच्या हिंदीत बोलला, मी आपल्या बोलीत लिहितो. म्हणाला, "नाव ऐकू येत होतं. पण खरं वाटंना. मला कोण शोधायला येतंय?"

मी त्याला खांद्यावर घेतला. अगदी शास्त्रातल्यासारखा, दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती! तेवढ्यात तो कण्हत म्हणतो, "हळू चाल की, पाय माझा आहे." तसल्यातही भांडण!

आता खरं ऐका, बाबा. मी त्याला शोधला, पण आमाला दोघांना परत कुणी आणलं? त्या डब्यानं! धुक्यात मी पार दिशा विसरलो होतो. ते सगळे दोर धरून उभे होते, चाचा डबा बडवत होते आणि मघाशी ब्याद गेली म्हणणाऱ्या स्वयंपाक्यासकट सगळे आता घसा फाटेस्तोवर "इकडं, शमू, इकडं!" म्हणून ओरडत होते. आमी दिसलो तसा असा जल्लोष झाला, की साहेबाला वाटलं दरड कोसळली! स्वयंपाक्यानं बन्सीच्या तोंडाला स्वतःच्या हातानं चहा लावला आणि वर सुनावलं, "साखर जास्त टाकलीय, आता तरी गोड बोल." तुमी सांगायचात ना, एक सापडलं की स्वर्गात आनंद होतो? मी तो बघितला. दोर धरलेल्या हातांनी नाचत होता तो!

सापडलं ना उत्तर? त्या धनगरानं नव्याण्णव टाकून दिली नव्हती. त्यांना कुणीतरी धरून होतं. आणि ती नुसती मागं राहिलेली नव्हती, परतीची वाट ती धरून होती. तुमी ज्याच्यामागं जायचात त्याला घेऊन उशिरा परत यायचात, तेव्हा दारात कंदील कोण टांगत होतं? माझ्या कपाळावर पट्टी कोण ठेवत होतं? एवढ्या गावांत उपदेश केलात, बाबा, पण त्या वाघुरीची दोरी धरून बसलेल्या बाईबद्दल एक शब्द बोलला नाहीत! ही माझी तक्रार मी मागं घेणार नाही. मार्था, इथं जरा थांब आणि मायीच्या तोंडाकडं बघ.

बाकी सगळं तुमचं खरं. देव असाच आहे. मोजतो, आणि एक कमी भरलं की त्याच्यानं बसवत नाही. पार कपारीपर्यंत जातो. आणि मला आता हेही कळलं, की त्या दिवशी दारात तुमी गप का होतात. मी हरवायलाच निघालो होतो आणि तुमाला ते दिसत होतं. तोंडानं नाही, पण दारात उभं राहून तुमी मला हाक मारतच होतात. मलाच खरं वाटत नव्हतं.

काल रविवार. चाचा म्हणाले, "शमू, तुझा बाप काय सांगायचा ते आज आमाला सांग." आणि बाबा, मी सिमेंटच्या पोत्यांवर उभा राहिलो! मी! मोडक्या हिंदीत उपदेश केला. शंभर मेंढरं सांगितली, वाघूर सांगितली. बन्सी पाय बांधून पुढंच बसला होता. मध्येच म्हणतो, "मेंढरू कुणाला म्हणतोस रे?" सगळे हसले. तळावर तुमाला हसले होते तसेच. पण कुणी उठून गेलं नाही. मग मी म्हणालो, विश्वास म्हणजे लय मोठं काही नसतं. आपलं नाव ऐकू येतंय, ते खरं मानायचं आणि ओ द्यायची. एवढंच.

आणि मग बन्सी, तो बन्सी, मान खाली घालून हळूच म्हणाला, "ओ."

जिंकलात, बाबा! आणि मीही जिंकलो. दोघंही जिंकलो असं भांडण कधी बघितलं होतं का तुमी?

वचन देतो. येत्या सुगीला गावी येतो. लिंबाजी आबाची मेंढरं बसली की त्याच दगडावर बसतो आणि तीच गोष्ट सांगतो, आबा काठी काढून घेईपर्यंत. पालमच्या त्या माणसालाही भेटतो. त्यानं माझ्या वाटचा खांदा दिलाय, त्याच्या गळ्यात पडल्याशिवाय परत येणार नाही. तुमची पिशवी मायीनं खुंटीवर ठेवली असेल, ती कुणाला देऊ नका. ती माझी.

ओ दिलेला,
तुमचा शमू

ता. क. : सोबत मनीऑर्डर केली आहे. माय, नव्याण्णव रुपये तुझे, दोरी धरून बसलीस त्याचे. वरचा एक बाबांच्या पिशवीत टाक, म्हणजे कुणी हरवलं तर शोधायला जाणाऱ्याला एस्टीच्या तिकिटाला होईल. एकूण रुपये शंभर.