वरच्या गल्लीचं पाणी

दि. ९ मार्च, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघे बरे आहोत. पाट्यांच्या दुकानातलं माझं काम नीट चालू आहे. मालक म्हणतात, “नववीत शाळा सोडलेल्याला ऱ्हस्व-दीर्घाचा एवढा पुळका कशाला?” पण चुकलेली पाटी मलाच पुसावी लागते, म्हणून रंगवण्याआधी वाचून घेतो. तू उगीच नाही मला मास्तर म्हणत.

तू लिहिलं आहेस की महिनाअखेरीस तुझं कुंडीतलं जेडचं झाड न्यायला येशील, फाटकाशीच थांबशील, आणि बाबांनी स्वतः ‘वर ये’ म्हटलं तरच जिना चढशील. झाडाचं आधी लिहितो.

झाडाची तब्येत ठीक नाही. तू सांगून गेलीस तसंच मी करत होतो. मातीत बोट खुपसायचं आणि आतपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी घालायचं. सकाळचं ऊन द्यायचं, बशीत पाणी साचू द्यायचं नाही. तरी पानं पिवळी पडली, मग आरपार दिसायला लागली आणि हात लागला की टपकन गळायची. पाणी जास्त होत होतं हे उघड होतं. पण मी तर घालतच नव्हतो.

बाबा घालत होते. एका दुपारी मी जेवायला घरी आलो तर ते गॅलरीत तांब्या घेऊन उभे.

“बाबा, याला पाणी चालत नाही.”

“वरच्या गल्लीला पोचलं नाही अजून. बायका ओरडतायत खाली.”

“कुठल्या बायका?”

“तू नवीन दिसतोस. साहेबांना जाऊन सांग, दाब कमी आहे.”

जन्मभर टाकीवर चाव्या फिरवून त्यांनी गल्लीगल्लीला पाणी सोडलं. आधी मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत.

मग मी कुंडी दुकानात नेऊन ठेवली. संध्याकाळी परतलो तर दार सताड उघडं. बाबा चौकात, बनियनवर, हातात तांब्या. शेजारच्या काकूंनी त्यांचा दंड धरला होता. “अरे, मघापासून विचारतायत, गल्ली कुठे गेली म्हणून. मी कुठून आणू गल्ली?” बाबा रडत होते. “एवढी माणसं तहानलेली ठेवली मी,” म्हणत होते. बाबांना रडताना तू कधी पाहिलं आहेस का? मी नव्हतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कुंडी परत आणली. बाबांनी पाणी घातलं, हात पुसले आणि पोटभर जेवले.

चांगल्या फांद्या मी कापून घेतल्या होत्या. चीर वाळेपर्यंत सावलीत ठेवल्या आणि जाड वाळूत लावल्या. पलंगाखाली लपवल्या, तरी बाबांना सापडल्या आणि त्यांनाही तांब्याभर पाणी मिळालं. आता कुंडीतल्या खोडाला बोट लावलं तर पिकल्या केळ्यात रुततं तसं आत जातं. मुळांना वास येतो. ताई, झाड गेलं. गॅलरीला कुलूप लावलं असतं तर वाचलं असतं. मला लावता आलं नाही.

काकू म्हणाल्या, “बाजारातून दुसरं आण. जेड ते जेड, तिला काय कळतंय!” मी गेलोही होतो. हातात धरून बराच वेळ उभा राहिलो आणि ठेवून आलो. कारण झाड मिळालं असतं, तू फाटकाशी आली असतीस, आणि मग वर बघत थांबली असतीस.

बाबा बोलावणार नाहीत. राग आहे म्हणून नाही. रागसुद्धा त्यांना आठवत नाही. तुझा फोटो दाखवला तर म्हणाले, “चांगली आहे पोरगी. कुणाची?”

‘या घरात पाय ठेवू नकोस’ म्हणणारे बाबा गेले, आणि ते शब्द जे मागे घेऊ शकले असते, ते बाबाही त्यांच्याबरोबरच गेले. डॉक्टर म्हणाले, यातून माणूस मागे फिरत नाही. मी मात्र दर पत्रात ‘बरे आहेत’ लिहीत राहिलो, या पत्रातही तेच लिहून बसलो. तू त्यांच्या एका शब्दासाठी थांबली होतीस, आणि तो शब्द आता कुणाकडेच नाही, हे लिहायला माझा हात धजत नव्हता.

मी ‘ये’ म्हणू शकतो. पण माझ्या म्हणण्याने तुझं भागणार नाही, हे मला कळतं. उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

काल भात कालवून देत होतो तेव्हा बाबांनी अदबीने विचारलं, “तुमच्या घरी कोण कोण असतं?”

म्हटलं, “वडील आहेत. मोठी बहीण आहे.”

“मग बरं आहे,” म्हणाले. “एकटं राहू नये माणसाने.”

तुझा,
धाकटा भाऊ