आंबिवलीच्या विहिरीचं पाणी

१४ जानेवारी ९३
संक्रांत. तिळाच्या वड्या डब्यात तशाच. सासूबाई आंबिवलीला मोरीत घसरून पडल्या, उजवं मनगट मोडलं. मी आणि सुहास धावत गेलो, प्लॅस्टर घालून त्यांना डोंबिवलीला आपल्याकडे आणलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "हाडं विरळ झालीत. कॅल्शियम हवं. रोज दूध प्या." आई मला हळूच, "दूध मला सोसत नाही गं." डॉक्टर तोवर पुढच्या पेशंटकडे वळलेले.

२२ जाने.
दूध देऊन पाहिलं. पोटात ढवळलं, दिवसभर पडून. मग कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या, तर त्यांनी कोठा बांधलाय. नाचणीची भाकरी तेवढी आवडीने खातात. सु. म्हणतो, आंबिवलीची खोली विकून टाकू, आता एकटीने राहायला नको. आई आतल्या खोलीत होत्या. दार उघडं होतं.

७ फेब्रु., रवि.
पुरवणीत आलंय, परदेशात मिनरल वॉटरमधूनसुद्धा लोकांना कॅल्शियम मिळतं. सु.ने लगेच जाऊन बाटल्यांचा अख्खा खोका आणला. आईंना हसू आवरेना. "पाणी विकत? कुणाच्या विहिरीचं रे?" पण प्यायल्या. लेकाने आणलेलं म्हणून.

८ फेब्रु.
बाटलीतलं उरलेलं पाणी कोलशेतला कंपनीत नेलं. लॅबमध्ये माझं रोजचं कामच ते, बॉयलरच्या पाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियमच, किती ते बघणं. यात फारसा नाहीच. आपल्या नळाच्या पाण्याइतकाच. दुसरीकडच्या मिनरल वॉटरमध्ये असेलही, या बाटलीत नाही. सु.ला सांगितलं. त्याने खोका पलंगाखाली सरकवला.

१ मार्च
प्लॅस्टर निघालं. हात वाळलेल्या शेंगेसारखा. आई त्याच्याकडे बघत बसल्या. मग स्वतःच दुसऱ्या हाताने चोळायला लागल्या.

७ मार्च
आईंच्या साड्या आणायला आंबिवलीला. शेजारच्या शकूताईंनी चाळीच्या विहिरीचं पाणी ओढून प्यायला दिलं. जिभेला जड. त्यांच्याकडून एक बाटली भरून घेतली. घरात आईंच्या हंड्याला आतून पांढरा थर.

८ मार्च
टेस्ट केलं. भरपूर कॅल्शियम! साहेब म्हणाले, "हे बॉयलरला दिलंत तर नळ्या बुजतील."
घरी सांगितलं तर आईंना कोण आनंद. "मी सांगत नव्हते? आमचं पाणी अंगी लागतं."
सु. जेवता जेवता, "चाळीस वर्षं तेच प्यायलीस ना? तरी मोडलंच की मनगट."
आई, "नसते प्यायले तर आधीच मोडलं असतं."
दोघांचंही खरं असू शकतं. पडताळून बघायला हे पाणी न प्यायलेल्या दुसऱ्या आई कुठून आणणार?

१९ मार्च
डॉक्टरांना पाण्याचं विचारलं. आधी हसले, मग नीट सांगितलं. पाण्यातलंही अंगी लागतं, पण त्या एकट्यावर भिस्त नको. नाचणी, तीळ चालू ठेवा, गोळी अर्धी करून जेवणाबरोबर. विहिरीचं असेल तर जंतूंचं बघा. उकळलं की चुना बराचसा तळाशी बसतो, हे मी आईंना सांगितलं. म्हणून न उकळता क्लोरीनचे थेंब घालू म्हटलं. त्यांनी तोंड वाकडं केलं.

११ एप्रिल
सु.ने कॅन भरून आंबिवलीचं पाणी आणलं! खांदा धरून बसला. आईंनी पेला भरून घेतला, एक घोट प्यायल्या, ठेवला.
"काय झालं?"
"कॅनचा वास येतोय."
सु. चिडून गॅलरीत गेला. मग आई मला म्हणाल्या, "अगं, पाण्याचं कुठे घेऊन बसलात? मला माझ्या घरी जायचंय."
मी एवढे दिवस पाणीच तपासत होते.

१२ एप्रिल
सु.शी बोलले. "परत पडली तर?" म्हणाला. "इथेही पडू शकतात," मी म्हटलं. तो, "इथे आपण आहोत." आपण दोघंही दिवसभर कामावर असतो, हे मी बोलले नाही. त्याला माहीत आहे.

२ मे, रवि.
आईंनी पावसाळ्यापर्यंत आंबिवलीला राहून बघायचं ठरलं, आज त्यांना सोडायला आलो. मोरीत सु.ने खरखरीत फरशी बसवून घेतली, भिंतीला धरायला दांडी. खोली विकायचा विषय त्याने काढला नाही. सोडलाय असंही म्हणाला नाही.
दुपारी आई विहिरीवर. शकूताई म्हणाल्या, "मावशी, द्या इकडे." आईंनी दोर सोडला नाही. डावा हात वर, उजवा नुसता टेकवलेला. सु. पुढे झाला. मी मागून त्याचा शर्ट धरला.
बरोबर केलं का, कळत नाही. पोहरा अजून खाली होता. आई मध्येच थांबल्या, दम घेतला, परत ओढायला लागल्या. सु. माझ्याकडे वळून बघेना. शर्ट मात्र त्याने सोडवून घेतला नाही.