गुडघ्यातलं पाणी

६ जानेवारी १९९६
धुकं. समोरचं घर दिसत नाही. कुमुदचा डावा गुडघा गरम लागतोय. तोच, जो जूनमध्ये मुंबईला लेकीकडे, शुभाकडे, राहून बदलून आणला. एवढ्या गारठ्यात बाईसाहेबांचे हातपाय बर्फ आणि गुडघा तेवढा शेगडी. दोन-चार दिवस झाले म्हणे. मला सांगितलं नाही, का तर मी लगेच घाबरतो. घाबरतोच.

८ जाने.
डॉ. पांडेंकडे. हाडांचे डॉक्टर, तरुण, भला माणूस. असे बदललेले गुडघे आपण मोजकेच पाहिलेत, हे स्वतःच सांगितलं. टाके सुकलेले, लाली नाही, ताप नाही. एक्स-रे ठीक. रक्ताच्या तपासणीत ईएसआर मात्र चढलेला. म्हणजे काय, विचारलं. "अंकलजी, इन्फेक्शन भी हो सकता है, पार्ट ढीला भी हो सकता है, और यह भी हो सकता है कि कुछ न हो." तिन्ही एका दमात. मी रेल्वेत असतानाच्या चौकशी खिडकीची आठवण झाली.

इन्फेक्शन असेल तर ते आतल्या धातूला चिकटून बसतं, नुसत्या औषधानं जात नाही. मग गुडघा काढायचा, काही महिने पाय तसाच ताठ ठेवायचा, मग जमलं तर दुसरा बसवायचा. नसेल तर काहीच काढायचं नाही. हे सगळं कुमुदसमोर. ती शालीचे गोंडे सारखे करत बसली होती.

परतताना गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली. म्हटलं, खुर्चीत बसवून घाटावरचे दोघं मल्लाह, नावाडी, उचलून नेतील घरापर्यंत. "या गल्लीतून उचलून न्यायचं ते एकदाच. तेव्हा मी नाही म्हणायची नाही." चालतच आली. तोंड पांढरं पडलं होतं.

९ जाने.
उद्या सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढणार. त्यात जंतू वाढतात का पाहायचं. लॅबमधून बाटली आपण आणायची, भरली की आपणच पोचवायची, ही इथली पद्धत. आणली. कुमुदकडे दिली.

१० जाने.
पाणी निघालं. पिवळं, गढूळ. पांडे बाटली उजेडात धरून पाहत राहिले. तिनं हूं की चूं केलं नाही. मलाच घाम.

१५ जाने.
रिपोर्ट. जंतू वाढले. एक नाही, तीन जातींचे. पांडेंनी लगेच कॅप्सूल सुरू केल्या. पीसीओवरून शुभाला फोन. तिनं मुंबईच्या सर्जनना विचारून ठेवलं होतं: असं असेल तर घेऊन या, काढावा लागेल.

कुमुदला सांगितलं. "सगळा?" म्हणाली. म्हटलं, सगळा. मग उठून डाळ भिजत घालायला गेली. संक्रांतीचे तिळगूळ डब्यात तसेच आहेत, कुणी हात लावत नाही.

१८ जाने.
आता पांडेच चक्रावलेत. "बंद जोड़ में अक्सर एक ही मेहमान आता है. यहाँ तीन-तीन, और तीनों नाली वाले. बात कुछ जम नहीं रही." कॅप्सूल बंद. पंधरा दिवस अंगात औषध नको, नाहीतर जंतू असूनही दिसत नाहीत. मग पुन्हा पाणी काढायचं. तीन दिवसांपूर्वी सुरू करा, आज बंद करा. मुंबईवाले नाखुशीनं थांबायला तयार झाले.

कुमुद म्हणते, जरा बरं वाटतंय. कॅप्सूलमुळे? ऊन पडलं म्हणून? की मला बरं वाटावं म्हणून?

२५ जाने.
सकाळी गरम. दुपारी नाही. संध्याकाळी पुन्हा थोडा? माझ्या हाताचाच भरवसा वाटेना. "अहो, गुडघा आहे तो, कलिंगड नव्हे," म्हणाली. हात काढून घेतला.

२ फेब्रु.
हे नीट लिहून ठेवतो.

उद्यासाठी बाटली आणली. तिच्याकडे दिली. "द्या, गंगाजळानं विसळून ठेवते, मागच्यासारखी."

मागच्यासारखी म्हणजे?

म्हणजे असं: बाटली दवाखान्यातली, कुणाचं काय भरलं असेल तिच्यात देव जाणे, ती तशीच कशी घरात ठेवायची? म्हणून झाकण उघडून, देवाजवळच्या तांब्यातलं संकठा घाटाचं गंगाजळ घालून, दोनदा विसळून तुळशीच्या कट्ट्यावर पालथी घातली. "चांगली शुद्ध केली होती." सांगण्यासारखं त्यात काय होतं, असं तिचं म्हणणं.

आधी ओरडलो. मग हसू फुटलं. मग दोन्ही थांबलं. म्हटलं, बाई, ते तिघं तुझ्या गुडघ्यातले नव्हतेच, तांब्यातले होते. "गंगेत जंतू?" एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. तिला वाईट वाटलं ते स्वतःसाठी नाही, गंगेसाठी. संध्याकाळपर्यंत अबोला. भाजीत मीठ नव्हतं, मी निमूट खाल्ली.

३ फेब्रु.
पांडेंना सांगितलं. उठून दार लावून घेतलं आणि पोटभर हसले. "मेरी अम्मा भी यही करतीं." मग गंभीर झाले. पहिला रिपोर्ट बाद. "लेकिन अंकलजी, इससे घुटना ठीक साबित नहीं हुआ."

म्हणजे आनंद करायचा की नाही, ते कुणी सांगत नाही. महिनाभर घाबरलो ते चुकीच्या कारणानं, एवढं कळलं. बरोबर कारण आहे की नाही, ते नाही कळलं.

आणलेली बाटली परत केली. नवी पांडेंनी स्वतः मागवली, तिथल्या तिथे उघडली. पुन्हा सुई. पाणी पुन्हा गढूळ. गंगा तर या खेपेला नव्हती, मग गढूळ का? आत सूज आहे, म्हणाले. कशानं, ते रिपोर्ट सांगेल.

१२ फेब्रु.
रिपोर्ट: काहीही वाढलं नाही. जिन्यावरच तिला ओरडून सांगितलं. तिनं देवाला साखर ठेवली.

संध्याकाळी पांडे. ईएसआर तेवढाच आहे. पाण्यात पांढऱ्या पेशी जास्त. "नहीं मिला, इसका मतलब यह नहीं कि नहीं है." मधे घेतलेल्या कॅप्सूलनी जंतू दबले असतील, असंही होतं. साखर ठेवून झाली होती.

१५ फेब्रु.
मुंबईचं म्हणणं: उघडून पाहू. आतले तुकडे काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, ती टेबलावर असतानाच. खराब दिसलं तर गुडघा तिथेच काढायचा, नाहीतर बंद करायचं. पांडे म्हणतात, महिनाभर थांबलं तरी चालेल, पण जंतू असले तर तो महिना त्यांना दिल्यासारखा. दोघंही शहाणे. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. कुमुद म्हणाली, जाऊ.

१८ फेब्रु.
तिकिटं झाली. दुपारी ती गच्चीवर उन्हात पाय पसरून बसली होती. मी शेंगा सोलत होतो.

म्हणाली, "मी गुंगीत असेन. आतलं बघूनही त्यांना नक्की नाही कळलं, तर बाहेर येऊन तुम्हाला विचारतील. ठेवू की काढू. काय सांगाल?"

म्हटलं, डॉक्टर ठरवतील.

"मी डॉक्टरांना नाही विचारलं."

म्हटलं, तुला काय हवंय ते तूच सांगून ठेव ना.

म्हणाली, "मला कळत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं." आणि माझ्या पुढ्यातल्या शेंगा ओढून सोलायला लागली.

उत्तर दिलेलं नाही. तिनं पुन्हा विचारलेलं नाही. परवा निघायचंय.