पारास्काच्या वळणाचं अंडं

कोसमाच,
ईस्टरनंतरचा मंगळवार

याव्दोखाताईंना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, प्रोकिपचा, वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझी कंबर अंड्यांपायी गेली, पण मान ताठ आहे. का, ते सांगतो.

गेल्या ईस्टरच्या आधीच तुमची बहीण, माझी पारास्का, गेली, म्हणून आमची सणाची टोपली पिसांकेशिवाय, मेणाने नक्षी लिहून रंगवलेल्या अंड्याशिवाय, चर्चला गेली. तेव्हा तुम्ही म्हणालात, 'मी पाठवीन हो चार अंडी लिहून, बाप्याचं ते काम नव्हे.' ताई, ते मला लागलं. चाळीस वर्षं ती अंड्यांवर मेणाने लिहायची आणि मी समोर बसून मेणबत्त्या लावायचो. ठरवलं, या घरची पिसांका याच घरात होणार, आणि तीही पारास्काच्या वळणाची. (नमुन्याला तिचं हरणांच्या नक्षीचं एक शेवटचं अंडं कपाटात होतं.)

पहिलं मुठीतच फुटलं. दुसरं ज्योतीवर शेकलं. तिसरं साबणाने लख्ख धुतलं, तर रंगच धरेना. चौथं घाईत आधी काळ्यात बुडवलं (आधी पिवळा, मग लाल, काळा शेवटी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं), ते बुटासारखं निघालं. त्यात उपासाचे दिवस, फुटलेलं खायचीही सोय नाही. कुत्रा तेवढा गुटगुटीत झाला. शेजारची हाफिया कुंपणावरून रोज विचारायची, 'काय दादा, आज किती उबवली?' मी ढुंकून पाहिलं नाही. बाराव्या अंड्यावरचं मेण ज्योतीशी धरून पुसलं, तर खालून पारास्काची हरणं निघाली. (एकाला शिंगं तीन आहेत, ते सोडा.) मी खुर्चीत बसून रडलो, लपवत नाही.

रविवारी चर्चच्या अंगणात टोपली मांडली. हाफिया वाकून बघून म्हणाली, 'शहाणेच आहात! पारास्काचं जुनं अंडं आणून ठेवलंय. तिचा हात मी ओळखत नाही होय?' सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. खरं तर याहून मोठी शाबासकी नाही, तिथेच गप्प बसायचं. पण मी कसला बसतोय. 'जुनं ना? मग आत नासलेलं असणार, सरका मागे,' म्हटलं आणि अंडं टोपलीच्या काठावर आपटलं. बायकांनी रुमाल नाकाला लावले. आतून निघाला पिवळाधमक, ताजा बलक. हाफिया आजतागायत कुंपणाशी आलेली नाही. पाद्रीबाबा म्हणाले, 'प्रोकिप, पुढच्या वर्षी आमच्या घरच्यांना शिकव.'

तर ताई, बाप्याचं काम झालं.

तुमचा,
प्रोकिप

ता.क. बलक सांडला तो तुम्ही पाठवलेल्या सणाच्या पावावर. पाव उत्तम होता, असं कुत्र्याकडून कळतं.

ता.क. २. घरी आलो तो जिंकल्याच्या तोऱ्यात, आणि कपाटाचं दार जरा जोरात लावलं. पारास्काचं अंडं गेलं. तीन खोल्यांत वास आहे आणि मला खिडकी उघडवत नाही. तिने तुम्हाला दिलेलं एक तुमच्याकडे आहे ना? नमुन्याला नको, वळण हातात बसलंय. नुसतं समोर असावं. पाठवू नका, वाटेत फुटेल. शनिवारी मीच येतो, कोरी बारा अंडी घेऊन. लिहीन मी. मेणबत्त्या तुम्ही लावा.