निरोगी पाच टक्क्यांत एक जागा मिळणेबाबत

दिनांक : २९ सप्टेंबर २००३

प्रति,
मा. अध्यक्ष,
शारीरिक पात्रता मंडळ,
दूधगंगा वैद्यक संशोधन संस्था,
कळंबा रस्ता, कोल्हापूर.

विषय : मी तयार केलेल्या मर्यादांनुसार मला अपात्र ठरविल्याबाबत फेरविचार होणेसाठी अर्ज.

संदर्भ : १) जैवसांख्यिकी अधिकारी या पदावर माझी निवड झाल्याचे संस्थेचे पत्र. २) त्याच पदासाठी मी शरीराने अपात्र असल्याचे मंडळाचे पत्र.

महोदय,

१. मोजमाप हा सर्व शास्त्रांचा पाया असून आकड्याला भावना नसते, म्हणूनच आकडा अन्याय करीत नाही, असे मी गेली एकोणीस वर्षे बी.एस्सी. भाग दोनच्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. गेल्या महिन्यात माझे मोजमाप झाले.

२. मी, जोतीराम आकाराम वरुटे, राहणार शिवाजी पेठ, संख्याशास्त्राचा अध्यापक असून आजवर तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, न झाल्यास पेठेतील एक गृहस्थ. आपल्या संस्थेतील पद कायम स्वरूपाचे आहे. वयोमर्यादा पंचेचाळीस असून येत्या डिसेंबरात मी ती ओलांडतो. रुजू होण्याची मुदत उद्या, ३० तारखेस संपते. सबब हा अर्ज तातडीचा समजावा.

३. पार्श्वभूमी अशी की, दोन वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या प्रयोगशाळेत रक्ताच्या निकालापुढे छापली जाणारी 'सामान्य मर्यादा' ही रसायनाच्या खोक्यातील परदेशी कागदावरून उतरवून घेतली जात असे. परक्या मुलखातील माणसाच्या मापाने कोल्हापूरचा माणूस का मोजावा, असा सवाल मी एका परिसंवादात केला. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की काम गळ्यात पडते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. स्थानिक मर्यादा ठरविण्याचे काम संस्थेने माझ्याकडे सोपविले.

४. रीत सोपी आहे. एकशेवीस निरोगी माणसे घ्यावीत, त्यांचे रक्त तपासावे, सरासरी काढावी आणि सरासरीच्या दोन्ही अंगांस प्रमाण विचलनाच्या दुप्पट जागा सोडावी. या जागेत शंभरातील सुमारे पंच्याण्णव निरोगी माणसे बसतात. उरलेली पाच निरोगी असूनही बाहेर राहतात. याला शास्त्राचा इलाज नाही, असे मी परिसंवादात हसत सांगितले होते.

५. अडचण निरोगी माणसे मिळविण्याची होती. पेठेत घरोघर फिरलो असता 'आम्हांस्नी काय झालंय, रगात द्याया?' असे एकच उत्तर मिळाले. आमच्याकडे निरोगी माणूस प्रयोगशाळेची पायरी चढत नाही, आणि जो चढतो तो निरोगी धरता येत नाही. शेवटी तालमीचे वस्ताद आण्णा यांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, 'निरोगी मानसं पायजेत न्हवं? मग दारं कशाला वाजवत फिरतासा, सर? तालमी काय वस पडल्यात व्हय?' दुसऱ्या दिवशी त्यांनी आसपासच्या तालमींतून एकशेवीस पैलवान गोळा करून रांगेत उभे केले. इतकी निरोगी माणसे एका जागी मी पूर्वी पाहिली नव्हती. मला गहिवरून आले. शास्त्रीय आक्षेप सुचण्याची ती वेळ नव्हती. पैकी एक सव्वाशे किलोचे गृहस्थ सुई पाहूनच आडवे झाले. त्यांना निरोगी धरावे काय, असे तंत्रज्ञ कु. अक्षता यांनी विचारले. परंतु ते आडवे असतानाच कु. अक्षता यांनी नमुना काढून घेतलेला असल्याने मी तो धरला.

६. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात उतरणारा पदार्थ आहे. ज्याचा दंड मोठा, त्याचा आकडा मोठा. पैलवानांची सरासरी १.२६ आली, मर्यादा १.०२ ते १.५० ठरली. मी ती तीनदा तपासली. गणितात चूक नव्हती, आजही नाही. पहिल्याच महिन्यात शहरातले कारकून, शिंपी, मास्तर आणि दोन वकील खालच्या मर्यादेखाली गेले. डॉक्टरांनी लेखी विचारणा केली. 'नमुना पुरेसा मोठा असून सूत्र निर्दोष आहे. शहराने आपली प्रकृती सुधारावी,' असे उत्तर मी पाठविले. ते उत्तर मंडळाने मला अपात्र ठरविणाऱ्या पत्रास पुरावा म्हणून जोडले आहे. सही माझीच आहे.

७. माझे क्रिएटिनिन ०.८१ आहे.

८. हा आकडा कमी असणे हा आजार नव्हे, हे मी मंडळाच्या लिपिकांस समजावून सांगितले. ते म्हणाले, 'सर, आमाला आजार कळत न्हाय. आमाला आत हाय का भायेर हाय, एवढंच कळतंय.' संख्याशास्त्राची इतकी नेमकी व्याख्या मला एकोणीस वर्षांत जमली नव्हती.

९. मर्यादेत येण्याचे माझे प्रयत्न प्रामाणिक होते, हे नमूद करणे आवश्यक आहे. मी तालमीत जाऊ लागलो. माझी तिसरी बैठक पाहून वस्ताद आण्णा यांनी 'बसा आता, सर. उगं मोडचीला' असा तांत्रिक अभिप्राय दिला. शिजलेल्या मटणाने क्रिएटिनिन वाढते, असे वाचनात आल्यावरून दोन वेळा तांबडा रस्सा सुरू केला. फेरतपासणीत आकडा ०.९७ पर्यंत चढला. मात्र त्याच कागदावर यूरिक ॲसिड वरच्या मर्यादेबाहेर गेले व उजव्या पायाचा अंगठा सुजला. माझी पत्नी सौ. शालन यांचे म्हणणे, 'आधी कागदावर आजारी होतासा. आता खरोखरच पडलासा.' अंगठा उतरल्यावर आकडाही पुन्हा ०.८१ वर आला.

१०. मर्यादा दुरुस्त कराव्यात, अशी विनंती मी यापूर्वी केली होती. त्यावर मंडळाने कळविले की, मर्यादा बदलण्याचा अधिकार फक्त जैवसांख्यिकी अधिकाऱ्यास असून ते पद सध्या रिक्त आहे. ते रिक्त का आहे, हे मंडळास व मला ठाऊक आहे.

११. सबब मी पुढील मार्ग सुचवितो. एक, त्या एकशेवीस पैलवानांत माझ्यासारखे चाळीस इसम मिसळावेत. मी गणित केले आहे : खालची मर्यादा ०.७१ वर येते, आणि मी जागचा न हलता निरोगी होतो. असे चाळीस इसम पुरविण्यास मी तयार आहे. हातकणंगल्यापर्यंत तासिका तत्त्वावरील अध्यापकांची टंचाई नाही, आणि त्यांत जाड कोणी नाही. हे मान्य नसल्यास, जी पाच टक्के निरोगी माणसे बाहेर राहतात असे सूत्रच कबूल करते, त्यांपैकी एक जागा मला द्यावी. ती सर्व भरली असल्यास कोणी भरली ते कळावे. हेही शक्य नसल्यास मला आधी रुजू करून घ्यावे. पहिल्या दिवशी मी मर्यादा दुरुस्त करीन व दुसऱ्या दिवशी पात्र होईन. एका दिवसापुरता मी अपात्र राहून काम केल्यास संस्थेत ते उठून दिसेल, असे वाटत नाही.

१२. मंडळाने आणखी चाचण्यांचा आग्रह धरू नये, ही विशेष विनंती. वीस वेगवेगळ्या चाचण्या केल्यास धडधाकट माणूस एकीतही बाहेर न पडण्याची शक्यता शंभरात छत्तीसच उरते. ज्याला निरोगी ठरायचे आहे त्याने चाचणी एकच करावी, आणि तीही टाळता आल्यास टाळावी. हे मी मुलाखतीत सांगितले तेव्हा समितीने माना डोलावल्या होत्या. माझी निवड त्याच उत्तरावर झाली असे ऐकतो.

१३. महोदय, मला ही नोकरी हवी आहे. वरील विनोद आपणांस आढळल्यास तो माझ्या परिस्थितीचा समजावा. डिसेंबरनंतर मला कोठेही अर्ज करता येणार नाही, आणि अर्ज करणे एवढे एकच काम मी आजवर कायम स्वरूपात केले आहे.

उद्या कार्यालय बंद होण्यापूर्वी निर्णय व्हावा.

आपला नम्र, व तूर्त मर्यादेबाहेरचा,
(सही)
जो. आ. वरुटे

सोबत : १) तिन्ही तपासण्यांचे निकाल. २) चाळीस सडपातळ अध्यापकांचे संमतीपत्र. ३) वस्ताद आण्णा यांचा दाखला ('माणूस चांगला आहे, ताकद नाही').

ता. क. (१ ऑक्टोबर) : कोर्ट फी तिकीट नसल्याने हा अर्ज परत आला होता, तिकीट लावून पुन्हा सादर करीत आहे. दरम्यान प्रतीक्षा यादीतील क्रमांक दोनचे उमेदवार आज सकाळी त्या पदावर रुजू झाले. ते माझ्यापेक्षा बारीक आहेत. त्यांनी पात्रतेचे प्रमाणपत्र मिरजेहून आणले; तेथे मर्यादा अजून खोक्यातील परदेशी कागदावरूनच उतरवून घेतात. नियमाप्रमाणे कोणत्याही मान्यताप्राप्त केंद्राचे चालते.